मितभाषी पंतप्रधान – क्लेमेंट अ‍ॅटली

क्लेमेंट अ‍ॅटली हे नाव आपल्याला शाळेच्या इतिहासातून माहीत असतं. भारत स्वतंत्र झाला तेव्हाचे ब्रिटनचे पंतप्रधान, एवढंच. त्यांच्या देशात मात्र लोक त्यांना दवाखाना, घर आणि पेन्शनसाठी आठवतात. पंचवीस वर्षं एकमेकांच्या भरवशावर सोसायटी चालवणाऱ्या आपल्यासारख्यांनी या माणसाची ओळख करून घ्यायलाच हवी.

अ‍ॅटलींचा जन्म ३ जानेवारी १८८३ चा. घर सुखवस्तू, शिक्षण ऑक्सफर्डला, पुढे बॅरिस्टर. १९०५ साली ते पूर्व लंडनच्या स्टेपनी भागात गरीब मुलांच्या क्लबात मदतीला गेले आणि नंतर त्याच वस्तीत राहिले. आजारपण आलं की मजुरी बुडायची, मजुरी बुडली की घर बुडायचं. नुसत्या दानधर्माने हे सुटणार नाही, हे त्यांना तिथेच कळलं. पहिल्या महायुद्धात ते लढले, जखमी झाले. १९१९ साली स्टेपनीचे महापौर, १९२२ साली खासदार झाले. १९२८ साली सायमन कमिशनचे सभासद म्हणून मुंबईत उतरले, तेव्हा काळ्या झेंड्यांनी स्वागत झालं!

जुलै १९४५ मध्ये मजूर पक्ष जिंकला. पत्नी व्हायोलेट चालवत असलेल्या छोट्या गाडीतून अ‍ॅटली राजवाड्यावर गेले. तिजोरी रिकामी, अमेरिकेचं कर्ज, आणि युद्धातही रेशनवर नसलेला पाव १९४६ साली रेशनवर. आधी पैसा उभा करा, सुधारणा नंतर, असं म्हणणारे पुष्कळ होते. अ‍ॅटली थांबले नाहीत. १९४६ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने कामगार आणि मालक दर आठवड्याला वर्गणी भरू लागले. आजारपण, बेकारी, म्हातारपण यांत त्यातून आधार मिळू लागला. आपल्याकडे लिफ्टचा खर्च तळमजलावालाही उचलतो, तसंच काहीसं. ५ जुलै १९४८ ला सर्वांसाठी मोफत आरोग्य सेवा सुरू झाली. सहा वर्षांत दहा लाखांच्या आसपास घरं बांधली गेली, बहुतेक नगरपालिकांची, भाड्याने द्यायची.

आराखडा बेव्हरिजचा, आरोग्य सेवा उभारली बेव्हनने. अ‍ॅटलींचं काम वेगळं होतं. एकमेकांशी न पटणाऱ्या दिग्गज मंत्र्यांना एका टेबलाशी बसवायचं, मोजकं बोलायचं, निर्णय घ्यायचा आणि श्रेय दुसऱ्याला द्यायचं. कमिटीत काम केलेल्यांना हे किती अवघड ते सांगायला नको.

सगळं गोड झालं नाही. फाळणीच्या घाईची किंमत इथल्या लाखो लोकांनी मोजली. १९५१ साली चष्मा आणि कवळीला पैसे लावण्यावरून बेव्हनने राजीनामा दिला. त्याच वर्षी विरोधकांपेक्षा जास्त मतं मिळूनही अ‍ॅटलींची सत्ता गेली. पण नंतर आलेल्या चर्चिल सरकारनेही आरोग्य सेवा मोडली नाही.

८ ऑक्टोबर १९६७ रोजी अ‍ॅटली गेले. त्यांनी सुरू केलेली आरोग्य सेवा आजही चालू आहे.