ऑटो श्मिट : दोन उंबरठ्यांचा परिपथ

आपल्या शाळेचे जे माजी विद्यार्थी पुढे अभियांत्रिकीकडे वा भौतिकशास्त्राकडे वळले, त्यांना ‘श्मिट ट्रिगर’ हे नाव परिचित असेलच. साइन तरंगाचे चौरस तरंगात रूपांतर करणारा हा परिपथ त्यांनी प्रयोगशाळेत जोडलेला असतो. मात्र ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो, ते संशोधक जितके भौतिकशास्त्राचे तितकेच प्राणिशास्त्राचे अभ्यासक होते, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते.

ऑटो हर्बर्ट श्मिट यांचा जन्म ६ एप्रिल १९१३ रोजी अमेरिकेतील सेंट लुईस येथे झाला. त्यांचे थोरले बंधू फ्रान्सिस हेही पुढे जीवशास्त्रज्ञ म्हणून नावारूपास आले. ऑटो यांनी त्याच शहरातील वॉशिंग्टन विद्यापीठात शिक्षण घेतले आणि १९३७ साली भौतिकशास्त्र व प्राणिशास्त्र या दोन्ही विषयांच्या अध्ययनावर डॉक्टरेट मिळविली.

चेतातंतूंतून संदेश कसा वाहतो, हा त्यांच्या जिज्ञासेचा विषय होता. चेतातंतूचा स्वभाव मोठा विलक्षण असतो. उद्दीपन एका मर्यादेपर्यंत पोहोचले नाही, तर आवेग निर्माणच होत नाही. ती मर्यादा ओलांडली, की तो पूर्ण शक्तीनिशी उमटतो. हे वर्तन निर्वात नळ्यांच्या साहाय्याने साकारता येईल का, या शोधातून १९३४ साली, विद्यार्थिदशेतच, त्यांच्या हातून हा परिपथ घडला. १९३८ साली त्याविषयीचा त्यांचा लेख प्रसिद्ध झाला.

साइन तरंग संथपणे चढतो आणि उतरतो. चौरस तरंगाला मात्र दोनच पातळ्या असतात. एकच उंबरठा ठरवून हे रूपांतर केले, तर तरंग उंबरठ्याजवळ असताना त्यात मिसळलेल्या बारीकसारीक चढउतारांमुळे परिपथ पुनःपुन्हा चालू-बंद होत राहतो. श्मिट यांनी प्रदानाचा काही अंश मागे आदानाकडे वळवून दोन उंबरठे निर्माण केले. समजा, वरचा उंबरठा ३ व्होल्टचा आणि खालचा २ व्होल्टचा आहे. ३ व्होल्ट ओलांडल्यावर परिपथ आपली स्थिती बदलतो आणि २ व्होल्टच्या खाली गेल्याखेरीज मागे फिरत नाही. मधल्या पट्ट्यात तो आपला आधीचा निर्णय कायम राखतो. घरातील फ्रिज एका तापमानाला सुरू होतो आणि त्याहून कमी तापमानाला बंद होतो, त्यामागे हेच तत्त्व आहे.

त्यानंतर श्मिट यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये नोबेल पुरस्कार विजेते शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांच्याकडे संशोधन केले आणि १९३९ साली ते मिनेसोटा विद्यापीठात रुजू झाले. दुसऱ्या महायुद्धात विमानातून पाणबुड्यांचा चुंबकीय मागोवा घेणाऱ्या साधनांवर त्यांनी काम केले. पुढे हृदयाची विद्युत्‌क्रिया त्रिमितीत दाखविणारी पद्धत त्यांनी विकसित केली. निसर्गातील युक्त्या तंत्रज्ञानात उतरविणाऱ्या विद्याशाखेला आज रूढ असलेले ‘बायोमिमेटिक्स’ हे नावही त्यांनीच दिले. ६ जानेवारी १९९८ रोजी त्यांचे निधन झाले.

निर्वात नळ्या केव्हाच अडगळीत गेल्या. त्यांचा परिपथ मात्र टिकून राहिला. ७४१४ क्रमांकाच्या, चौदा पायांच्या एका लहानशा चिपमध्ये असे सहा परिपथ सामावलेले असतात. एखादे बटण दाबताना होणारी क्षणिक थरथर यंत्राने अनेक दाबण्या समजू नये, याची काळजीही असेच परिपथ वाहतात.

दहावीच्या निकालानंतर गणित ठेवावे की जीवशास्त्र, असा प्रश्न घेऊन पालक आमच्याकडे येतात. प्रवेशाच्या सोयीसाठी विषयांची विभागणी करावी लागते, हे खरे. परंतु मुलांच्या मनातील प्रश्न अशी विभागणी पाळत नाहीत. श्मिट यांचा प्रश्न प्राण्याच्या देहातून उगवला आणि त्याचे उत्तर इलेक्ट्रॉनिक्सला मिळाले. आपल्या पाल्याने एका विषयाच्या तासाला दुसऱ्या विषयाचा प्रश्न विचारला, तर त्याला थांबवू नये, एवढीच पालकांना विनंती.