बायबल स्वतः वाचणाऱ्या पंडिता रमाबाई

गेल्या पावसाळ्यात भंडारदऱ्याला आमचे युवक-युवतींचे दोन दिवसांचे निवासी शिबिर झाले. विषय होता ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’. पहिल्याच रात्री जेवणानंतर वाद पेटला. सिद्धार्थाचा गृहत्याग, चार आर्यसत्ये, कर्म आणि पुनर्जन्म यांबद्दल बाबासाहेबांनी परंपरेने दिलेली उत्तरे जशीच्या तशी स्वीकारली नाहीत. मग ग्रंथ तपासण्याचा हा अधिकार फक्त त्यांचाच, की वाचणाऱ्या प्रत्येकाचा? आवाज चढले. तेवढ्यात एका मुलीने वेगळेच विचारले. तिचे आजोळ ख्रिस्ती. बायबल एकच, तरी आजोळच्या वस्तीत दोन चर्च आणि दोन्हीकडची माणसे एकमेकांच्या प्रार्थनेला जात नाहीत, हे कसे?

नगर जिल्ह्यात हा प्रश्न परका नाही. अमेरिकन मराठी मिशन इथे १८३१ साली आले. पुढे कॅथलिक आले, साल्व्हेशन आर्मी आली. महार-मांग समाजातली अनेक घरे ख्रिस्ती झाली, आणि १९५६ नंतर बाकीच्यांतली अनेक बौद्ध. म्हणून आपल्या पाहुण्यारावळ्यांत आजही दोन्ही असतात. त्या रात्री आम्ही त्या मुलीला पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगितली, पण घाईत. इथे जरा नीट सांगतो. (आपल्या घरात रमाबाई म्हटले की माता रमाई आठवतात, या त्या नव्हेत.)

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, चित्पावन ब्राह्मण घरातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, म्हणून त्यांना उडुपीला पंडितांपुढे आपली बाजू मांडावी लागली. आईने रमेला शिकवले. सारे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरत होते. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी तिची परीक्षा घेऊन पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या.

पण वेद तिने वाचले नव्हते. बाईने ते वाचायचे नसतात हेच शिकवलेले. केशवचंद्र सेनांनी वेदाची प्रत हातात ठेवली तेव्हा तिने ते उघडले, मग धर्मशास्त्रेही बारकाईने पाहिली. इतर हजार बाबतींत एकमेकांशी भांडणारी ही शास्त्रे एका गोष्टीवर एकमत असल्याचे तिला दिसले: स्त्री आणि शूद्र यांना त्यांच्या आहे त्या रूपात मोक्ष नाही. हे कुणा मिशनऱ्याने तिला सांगितलेले नव्हते. १८८० मध्ये तिने शूद्र मानल्या गेलेल्या जातीतल्या बिपिन बिहारी दास या वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. दोन वर्षांच्या आत ते पटकीने वारले. पदरात मनोरमा होती. पुण्यात येऊन आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणावर साक्ष दिली आणि १८८३ मध्ये इंग्लंड गाठले.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे मायलेकींनी अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुण्यात गहजब झाला. त्या वेळी बाजूने उभे राहिले ते जोतीराव फुले. १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी रमाबाईंची बाजू घेतली. चळवळीतल्या प्रत्येकाने एवढे तरी लक्षात ठेवावे.

धर्म बदलला म्हणजे आता त्या निमूट ऐकतील, असे वाँटेजच्या मठात वाटत होते. तसे झाले नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन मिळून एक देव, हा त्रैक्याचा सिद्धांत त्यांना पटेना. बायबल वाचून त्यांना देव एकच दिसत होता. येशू त्याच्या बरोबरीचा आहे हे मानायला त्या तयार नव्हत्या. चर्चने पुढे ठेवलेला अथनेशियसचा जुना मतसार बायबलात कुठे आहे, असा त्यांचा सवाल. धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांना हा गर्व वाटला, आज्ञाभंग वाटला. दोघींची पत्रे वर्षानुवर्षे चालली. रमाबाईंचे म्हणणे थोडक्यात असे की, एका पुरोहितवर्गाच्या तावडीतून सुटून आलेली बाई दुसऱ्याच्या स्वाधीन होणार नाही. वाद लहान गोष्टींतही होता. गळ्यातल्या क्रुसावरची अक्षरे लॅटिन का, संस्कृत का नकोत? मांसाहार त्यांनी केला नाही. त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे का, यावर तर हिंदुस्थानातल्या बिशपांचे मत मागवले गेले, आणि ते नकारार्थी आले! सनातन्यांचाच नियम, फक्त झगा वेगळा.

इंग्लंड-अमेरिकेत त्यांनी अनेक पंथ जवळून पाहिले. प्रत्येक जण बायबलचाच आधार देई आणि दुसऱ्याला चुकीचा ठरवी. त्या गोंधळल्या, आणि तसे मोकळेपणाने लिहिलेही. तोडगा म्हणून कुठल्याच पंथाचे कुंपण पूर्ण स्वीकारले नाही. बोस्टनमध्ये त्यांच्या मदतीला उभ्या राहिलेल्या मंडळाचे अध्यक्ष त्रैक्य न मानणाऱ्या युनिटेरियन पंथाचे होते.

त्यांचे सगळेच आम्हाला पटते असे नाही. १८८९ मध्ये मुंबईत काढलेले शारदा सदन उच्चवर्णीय विधवांसाठी होते आणि तिथे जातीचे नियम सांभाळले जात. पुढे सदन पुण्यात आले. मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनी सल्लागारपद सोडले, पालकांनी मुली काढून नेल्या. १८९६ नंतरच्या दुष्काळात मात्र उपाशी मुली शेकड्यांनी आल्या, आणि केडगावच्या मुक्ती सदनात जातीचे दार उरले नाही. (हे केडगाव दौंडजवळचे, आपल्या नगरचे नव्हे.) तोवर त्यांची श्रद्धाही पालटली होती. तरुणपणी येशूच्या देवत्वावर अडलेल्या रमाबाईंनी १८९१ च्या सुमारास त्यालाच तारणारा मानले. ते त्यांनी कुणाच्या दबावाखाली केले नाही, एवढे त्यांच्या लिखाणावरून दिसते. १९०५ मध्ये मुक्तीतल्या मुली रडत, ओरडत, अनोळखी शब्द उच्चारत प्रार्थना करू लागल्या. काही मिशनऱ्यांना तो उन्माद वाटला. रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली: देशी बायांनी साहेबाच्याच रीतीने देव का आळवावा?

त्यांचे शेवटचे मोठे काम मराठी बायबल. असलेल्या भाषांतराची मराठी त्यांना जड वाटे, आणि त्यातले काही शब्द जुन्या धर्माचे अर्थ सोबत घेऊन येतात असा आक्षेप होता. संस्कृतची पंडिता उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत मुळापासून भाषांतराला बसली. खिळे जुळवणे, छापणे, बांधणी हे सारे मुक्तीतल्या बायाच करत. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल त्यानंतर, १९२४ मध्ये, छापून बाहेर पडले.