बाबासाहेब आणि विद्यार्थ्यांची सोय



२५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या देहूरोडला रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती स्थापन केली, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. त्या विहारात आपण मुलाबाळांसह जातो, वंदना घेतो. पण देहूरोडला मूर्ती बसविणाऱ्या या महापुरुषाने त्याआधीच मुंबई आणि औरंगाबाद येथे महाविद्यालये उभी केली होती. ती उभारताना त्यांनी गरीब विद्यार्थ्याच्या दिवसाचा तासन्‌तास हिशेब केला होता, ही गोष्ट आपण तितक्या आवर्जून सांगत नाही. आज तीच सांगावयाची आहे.

का सांगावयाची? तुमचा मुलगा किंवा मुलगी बारावी पास होते, पेढे वाटले जातात, महाविद्यालयात नाव दाखल होते. आणि दिवाळीनंतर कळते की पोराने कॉलेज सोडले, चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे लागला. शेजारी म्हणतात, त्याला शिक्षणाची आवडच नव्हती. खरेच तसे असते काय? बाबासाहेबांचे विद्यार्थीजीवन पाहा, मग उत्तर द्या.

भीमराव साताऱ्याच्या शाळेत वर्गाबाहेर बसले, तहान लागली तरी नळाला हात लावू शकले नाहीत, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्यापुढचे ऐका. सुभेदार रामजी मुंबईला परळच्या चाळीत एका खोलीत राहात. स्वयंपाक, झोपणे, पाहुणे, सारे त्या एकाच खोलीत. मुलाने अभ्यास करावा कोठे? बापाने तोड काढली. मुलाला लवकर झोपवायचे, आपण जागे राहायचे आणि रात्री दोनच्या सुमारास त्याला उठवून स्वतः आडवे व्हायचे. चाळ निजलेली असे तेव्हा भीमरावांचा अभ्यास चाले. दोन मुलांचे शिक्षण त्या पेन्शनीत झेपेना. तेव्हा थोरले आनंदराव शाळेतून निघाले आणि कारखान्यात लागले. धाकट्याच्या शाळेची किंमत थोरल्याने मोजली. पिंपरी-चिंचवडच्या वस्त्यांत असे आनंदराव आजही घरोघर आहेत. त्यांच्याकडे आपण कृतज्ञतेने पाहिले पाहिजे.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. याच काळात चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेल्या या मुलाकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींचे लक्ष गेले होते. त्यांनी त्याला पुस्तके दिली, स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. एवढ्यावर न थांबता त्यांनी पुढे सयाजीराव गायकवाड महाराजांपर्यंत त्याची गोष्ट पोहोचविली. महाराजांनी दरमहा पंचवीस रुपये शिष्यवृत्ती दिली. एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्राध्यापक म्युलर यांनी पुस्तके आणि कपडेही दिले. आता सांगा, हा बुद्धिमान मुलगा केवळ बुद्धीच्या बळावर पदवीधर झाला काय? बापाचे जागरण, भावाची मजुरी, गुरुजींची नजर, महाराजांचे पैसे, प्राध्यापकाची माया, एवढे सारे एकत्र आले तेव्हा एक भीमराव पदवीपर्यंत पोहोचला. ज्यांना यातले काहीच मिळाले नाही, असे किती भीमराव वाटेतच थांबले असतील!

१९१३ साली ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथून १९१६ साली लंडनला पोहोचले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून १९१७ साली परतावे लागले. करारानुसार बडोद्यास नोकरीला गेले, तर तेथे या विद्वानाला राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, जात कळताच लाठ्या घेतलेल्या लोकांनी हाकलून दिले. परदेशी विद्या घेतलेला माणूस, पण डोक्यावर छप्पर नाही! पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी काही पैसे साठविले, छत्रपती शाहू महाराजांनी साहाय्य केले, नवल भथेना या पारशी मित्राकडून कर्ज घेतले आणि १९२० साली अर्धपोटी राहून लंडनचा अभ्यास पुरा करावयास ते पुन्हा निघाले. १९२३ साली बॅरिस्टर होऊन परतले आणि त्याच वर्षी डॉक्टर ऑफ सायन्सही झाले.

हे सारे भोगलेल्या माणसाने समाजकार्याला आरंभ कोठून केला, हे नीट पाहा. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ च्या जानेवारीत या सभेने सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह उघडले. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. म्हणजे चवदार तळ्याच्या पाण्याआधी त्यांनी पोरांच्या अंथरुणाची आणि दोन वेळच्या भाकरीची सोय पाहिली. खेड्यातल्या मुलाला शहरात शाळा असते, पण राहायला जागा नसते, आणि जागा नसली की शाळा असून नसल्यासारखीच. हे बडोद्याने त्यांना शिकविले होते.

दुसरी अडचण पैशाची. १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. त्याच वर्षी त्यांनी सरकारपुढे अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन ठेवले आणि त्यात उच्च शिक्षणाच्या मदतीचा प्रश्न मांडला. या प्रयत्नांतून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ती १९४४ पासूनची. केळुसकर गुरुजी भेटतील, महाराज प्रसन्न होतील, अशा योगायोगावर विद्यार्थ्याने का अवलंबून राहावे? जे एकाला उपकार म्हणून मिळाले ते सर्वांना हक्काने मिळावे, ही त्यामागची दृष्टी. आज तुमच्या मुलाच्या खात्यात जी शिष्यवृत्ती जमा होते तिचे मूळ येथे आहे.

८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. मुंबईत महाविद्यालये काय कमी होती? पण ती दिवसा भरत. ज्याला दिवसा कचेरीत कारकुनी केल्याशिवाय घरची चूल पेटत नव्हती, त्याने तेथे जावे कसे? बाबासाहेबांनी नोकरी सोडून कॉलेजला या असे त्या मुलांना सांगितले नाही. त्यांनी कॉलेजचीच वेळ बदलली. सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरू लागले. सकाळी शिकावे आणि तेथून कामावर जावे. ज्यांची शाळाच अपुरी राहिली होती त्यांच्यासाठी सिद्धार्थ रात्रशाळाही निघाली. पुढे वाणिज्य महाविद्यालय १९५३ साली आणि विधी महाविद्यालय १९५६ साली आले. महाविद्यालयाचे दार सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना खुले होते, शिकविणारेही सर्व जातींचे होते. विद्यार्थ्यांनी सभेत उभे राहून बोलायला शिकावे म्हणून विद्यार्थी संसद भरे. आपला ग्रंथसंग्रहही बाबासाहेबांनी या महाविद्यालयाच्या स्वाधीन केला. ग्रंथांवर पोटच्या पोरासारखे प्रेम करणाऱ्या माणसाने ते दिले, यावरून काय ते समजा.

मुंबईनंतर त्यांची नजर मराठवाड्याकडे गेली. निजामाच्या राजवटीत तो भाग शिक्षणात फार मागे पडलेला. विद्यापीठ होते ते दूर हैदराबादला. १९५० साली त्यांनी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय काढले. म. भि. चिटणीस यांना प्राचार्य केले. मुंबईचा विद्यार्थी नोकरदार होता म्हणून तेथे सकाळची वेळ. येथला विद्यार्थी खेड्यातून चालत येणारा, म्हणून येथे वसतिगृहे. प्रश्न वेगळा म्हणून उत्तरही वेगळे. महाविद्यालयाला मिलिंद हे नाव दिले आणि परिसर नागसेनवन झाला. भिक्खू नागसेनाला प्रश्नामागून प्रश्न विचारणारा, उत्तर पटेपर्यंत न थांबणारा राजा मिलिंद. आपल्या पोरांनी खाली मान घालून न बसता प्रश्न विचारावेत, हेच त्या नावाने सांगितले.

बंधू-भगिनींनो, समता म्हणजे काय ते यातून कळते. सर्वांना एकच वेळ, एकच फी, एकच नियम लावला की ती समता झाली असे पुष्कळांना वाटते. पण ज्याच्या घरी अभ्यासाची खोली आहे आणि ज्याच्या घरी आठ माणसांत एक खोली आहे, त्या दोघांना एकच माप लावणे ही समता नव्हे. प्रवेश देणे ही अर्धी गोष्ट. आलेल्या विद्यार्थ्याला शेवटच्या परीक्षेपर्यंत टिकविणे ही उरलेली अर्धी. वेळ, निवारा, भाकरी, पैसा, पुस्तक आणि विचारपूस करणारे एक माणूस, एवढे जेथे नाही तेथे प्रवेश हा कागदावरचाच राहातो.

१८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत त्यांनी शिकून मोठ्या झालेल्या, पण समाजाकडे पाठ फिरविलेल्या लोकांबद्दल आपले दुःख बोलून दाखविले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला त्यांनी धम्मदीक्षा घेतली व दिली, आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ते दुःख दूर करण्याचे काम आपल्यावर राहिले.

तेव्हा पिंपरी, भोसरी, चिखली, चाकण येथल्या कुटुंबांनो, काही गोष्टी आजच करा. मुलाचे नाव घालण्यापूर्वी महाविद्यालयात विचारा: वर्ग किती वाजता भरतात, कामावर जाणाऱ्यासाठी सकाळची तुकडी आहे काय, पुस्तके घरी मिळतात काय, शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देणारे कोणी आहे काय. विचारायला लाजू नका, तुम्ही मिलिंदाचे वारस आहात. नव्याने दीक्षा घेतलेल्या काही घरांना भीती वाटते की बौद्ध झालो, आता सवलत जाईल. १९९० च्या कायद्याने बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या लोकांना केंद्राच्याही सवलती लागू झाल्या आहेत. दाखल्याचे कागद बारावीची वाट न पाहता आधीच तयार ठेवा. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी शासनाची बाबासाहेबांच्याच नावाची स्वाधार योजना आहे, तिची चौकशी करा.

आणि आपल्या वस्तीतल्या शिकलेल्या मंडळींनो, घरात पहिले पदवीधर झालेल्या ताई-दादांनो, तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. विहाराची खोली वंदनेनंतर कुलूपबंद होते, ती रात्री दहापर्यंत अभ्यासाला उघडी ठेवा. कामावरून सुटलेल्या पोराला दिवा आणि शांतता एवढे मिळाले तरी पुष्कळ आहे. दुसरे, प्रत्येकाने प्रथम वर्षाच्या एका मुलाची किंवा मुलीची वर्षभर विचारपूस करा. अर्ज भरला का, हजेरी लागते का, डबा नेते का, एवढेच विचारा. केळुसकर गुरुजींनी बागेत बसलेल्या एका मुलाला एवढेच विचारले होते. त्यातून काय उभे राहिले, ते आपण सारे पाहतोच आहोत.

जय भीम!