आवाजाआधी अभ्यास: वक्ते बाबासाहेब

१४ एप्रिल जवळ आला की वस्तीतली मुलं-मुली भाषणाची तयारी करून घ्यायला आमच्याकडे येतात. आवाज कुठे चढवायचा, टाळ्या कुठे घ्यायच्या, हेच आधी विचारतात. पूर्वी आम्हीही तेच शिकवत होतो. बाबासाहेबांची भाषणे क्रमाने वाचली, तेव्हा आमची चूक कळली.

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचविशीतल्या भीमरावांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. समोर अभ्यासक होते. तिथे आवेश नव्हे, पुरावाच टिकणार होता. पुढे १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. अवघड विषय सोपा करून सांगण्याचा सराव तिथे झाला.

फेब्रुवारी १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळातल्या पहिल्या भाषणासाठी त्यांनी विषय घेतला अर्थसंकल्पाचा. जमीन महसुलाचा बोजा लहान शेतकऱ्यावर कसा पडतो, हे त्यांनी मांडले. त्याच वर्षी डिसेंबरात महाडला ते स्त्रियांशी बोलले. तिथे अर्थशास्त्राची परिभाषा नव्हती. लुगडे नेसण्याची पद्धत, दागिने, स्वच्छता, मुलींचे शिक्षण अशा रोजच्या गोष्टींतून त्यांनी स्वाभिमान समजावला. माणूस तोच, पण समोर कोण बसले आहे हे पाहून भाषा बदलली. विचार मात्र बदलला नाही.

१९३६ मध्ये याचीच कसोटी लागली. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले. लेखी भाषण पाहून आयोजकांनी काही भाग वगळायला सांगितले. बाबासाहेबांनी नकार दिला आणि परिषदच बारगळली. न झालेले ते भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले, १५०० प्रती. आज ते जगभर वाचले जाते. व्यासपीठ गेले, शब्द राहिले.

१७ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत त्यांचे नाव अचानक पुकारले गेले. त्या दिवशी बोलावे लागेल अशी त्यांची अपेक्षा नव्हती. सभागृहात विरोधक पुष्कळ होते. तरी ते एकसंध देशाच्या बाजूने इतके मुद्देसूद बोलले की विरोधकांनीही दाद दिली. तयारी एका रात्रीची नव्हती, तीस वर्षांची होती. म्हणूनच ती ऐनवेळी कामी आली.

आता मुलं आली की आम्ही आधी विचारतो: या विषयावर काय वाचलंस? ऐकायला कोण येणार आहे? आणि आयोजकांना न आवडणारी कोणती खरी गोष्ट तू सांगणार आहेस? तिन्हींची उत्तरे मिळाली की माइक हातात द्यायला हरकत नाही. वस्तीतल्या पाण्याचा, शिष्यवृत्तीचा प्रश्न उद्या अधिकाऱ्यापुढे याच मुलांना मांडायचा आहे. तिथे टाळ्या वाजवायला कुणी नसते.

जय भीम!