क्लाराबाई शूमन

दुःख कोसळलें असतां कित्येक जण हातचें काम टाकून बसतात. कित्येकांस तेंच काम आधार होतें. जर्मनीतील प्रख्यात पियानोवादक क्लाराबाई शूमन ह्यांची गणना दुसऱ्यांत करावी लागेल.

त्यांचा जन्म १८१९ सालीं लाइप्झिग शहरीं झाला. वडिलांनीं कसून शिकविल्यामुळें वयाच्या नवव्या वर्षींच त्यांनीं जाहीर जलशांत पियानो वाजविला. १८४० सालीं संगीतकार रॉबर्ट शूमन ह्यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. पुढें रॉबर्ट ह्यांस मनोविकार जडला व १८५६ च्या जुलई महिन्यांत ते निवर्तले. पदरीं सात मुलें. धाकटें अवघें दोन वर्षांचें.

क्लाराबाईंनीं काळीं वस्त्रें धारण केलीं, परंतु पियानो मिटूं दिला नाहीं. देशोदेशीं जलसे करून त्यांनीं मुलांस पोसलें आणि पतीच्या रचना वाजवून त्यांचें नांव जागतें ठेविलें. पुढें पोटच्या तरुण मुलांचे मृत्यूही त्यांस सोसावे लागले. तरी १८९६ सालीं मरण येईपर्यंत संगीत सुटलें नाहीं.

संगीतानें दुःख नाहींसें होत नाहीं. तें वाहण्याचें बळ मात्र येतें. बालपणीं कष्टानें साधलेली विद्याच शोकाच्या दिवशीं त्यांच्या कामीं आली, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें, असें आम्हांस वाटतें.