पॅरिसचा कायापालट करणाऱ्या ओस्मानची खुर्ची पैशाच्या हिशोबानंच घालवली

रुंद सरळ रस्ते, कडेला झाडं आणि सारख्या उंचीच्या दगडी इमारती. रील्समध्ये दिसणारं हे पॅरिस आधी असं नव्हतं. अंधाऱ्या गल्ल्या होत्या, सांडपाणी रस्त्यावरून वाहायचं. १८३२ आणि १८४९ च्या कॉलऱ्यात हजारो माणसं दगावली.

हे जुनं शहर पाडून नवं उभं करणारा माणूस म्हणजे बॅरन ओस्मान.

जन्म १८०९ चा, पॅरिसमधलाच. कायदा शिकून तो सरकारी नोकरीत शिरला. अनेक जिल्ह्यांत काम केल्यावर १८५३ साली सम्राट तिसऱ्या नेपोलियननं त्याला पॅरिसचा प्रीफेक्ट, म्हणजे मुख्य प्रशासक केलं.

कामं अवाढव्य होती, पण नवे कर लावायचे नव्हते. मग पैसा कुठून आणायचा?

ओस्मानचं गणित सोपं होतं. कर्ज काढायचं, रस्ते आणि गटारं बांधायची. शहर सुधारलं की माणसं येतील, व्यापार वाढेल आणि वाढीव महसुलातून कर्ज फिटेल. शहराच्या उत्पन्नाचा मोठा वाटा जकातीचा होता, मुंबईत २०१७ पर्यंत होती तशी. हे गणित बऱ्यापैकी जुळलंही. लोकसंख्या वाढली, जकातही वाढली.

त्याचा दुसरा मार्ग जमिनीचा होता. रस्त्याला लागते त्यापेक्षा जास्त जागा ताब्यात घ्यायची आणि रस्ता झाला की उरलेली चढ्या भावानं विकायची. पण १८५८ साली नियम बदलला आणि उरलेली जागा मूळ मालकांना परत मिळू लागली. म्हणजे रस्ता शहराच्या खर्चानं आणि भाववाढ मालकांच्या खिशात.

इथून गणित बिघडलं. ओस्माननं कंत्राटदारांना रोख पैशांऐवजी पुढच्या तारखांचे कागद दिले. ते कागद क्रेदी फाँसिए या बँकेत वटवले जायचे. असं जवळपास ४० कोटी फ्रँकचं कर्ज संसदेच्या मंजुरीशिवाय साचलं. १८६८ साली झ्युल फेरी या विरोधकानं हा हिशोब पुस्तिका काढून चव्हाट्यावर आणला. जानेवारी १८७० मध्ये ओस्मानला पदावरून काढलं.

एकूण खर्च झाला सुमारे २५० कोटी फ्रँक. १८९१ मध्ये ओस्मान वारला, पण शहर कर्ज फेडतच होतं.

मग हा सौदा फायद्याचा होता का? शहराला गटारं, पाणी, बागा मिळाल्या, त्या आजही कामी येतात. मालकांची चांदी झाली. पण मध्यवस्तीतली भाडी वाढली आणि कामगार बेलव्हिलसारख्या कडेच्या भागांत ढकलले गेले. जकात दारू, खाणं आणि जळणावर होती, त्यामुळं ज्यांची घरं पडली तेही ती भरतच होते.

म्हणून पुनर्विकासाचा खर्च आपोआप वसूल होईल असं कुणी सांगितलं, की दोन गोष्टी विचारायच्या. किती वर्षांत? आणि कुणाच्या खिशातून?