क्युसेकचं वजन किती? खडकवासल्याला स्वयंचलित दारं बसवणाऱ्या विश्वेश्वरय्यांची गोष्ट

पावसाळा आला की पुणेकरांच्या मोबाईलवर एक मेसेज हमखास फिरतो. खडकवासल्यातून मुठेत ३५ हजार क्युसेकनं विसर्ग सुरू, नदीकाठच्यांनी सावध राहावं. आता ३५ हजार क्युसेक म्हणजे नक्की किती, हे विचारलं तर भलेभले गप्प बसतात.

हिशोब सोपा आहे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे २८.३ लिटर. एक लिटर पाणी साधारण एक किलोचं, म्हणून क्युसेकला २८.३ ने गुणलं की सेकंदाला किती किलो पाणी जातंय ते कळतं. जुन्या मापात घनफूटभर पाणी ६२.४ पौंडांचं. त्या हिशोबानं एक क्युसेक म्हणजे तासाला सुमारे १०२ टन आणि ३५ हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळपास हजार टन. (ही सोय फक्त पाण्यापुरती. तेल किंवा दूध मोजायचं तर त्यांची घनता घ्यावी लागते.)

हे ओझं ज्याला मुनिमाशिवाय तोलायचं होतं, असा एक इंजिनिअर सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यात होता. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

गाव मुद्देनहळ्ळी, आजच्या कर्नाटकातलं. वडील संस्कृतचे जाणकार, पण ते लवकर गेले. पोरानं बंगळुरूत शिकवण्या घेऊन बी. ए. केलं आणि म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुणं गाठलं. इथल्या सायन्स कॉलेजातून, म्हणजे आजच्या सीओईपीतून, १८८३ साली ते पहिल्या नंबरानं इंजिनिअर झाले. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरी लागली आणि पहिली नेमणूक मिळाली नाशिकला. मग खानदेश, मग थेट सिंधमधलं सक्कर. तिथं गढूळ सिंधू नदीच्या वाळूतच विहीर खणून त्यांनी शहराला गाळलेलं पाणी दिलं.

१८९९ ला ते पुण्यात आले आणि कालव्यांचं काम त्यांच्याकडे आलं. इथं खरी डोकेदुखी होती.

खडकवासल्याचं धरण तेव्हा वीसेक वर्षांचं होतं. पावसाळ्यात ते भरायचं आणि जादा पाणी सांडव्यावरून वाहून जायचं. उन्हाळ्यात मात्र शहर, लष्कर आणि कालव्यावरची शेतं, सगळ्यांची ओढाताण. मग सांडवा उंच का बांधायचा नाही? कारण पूर आला की पाण्याची पातळीही तेवढीच वर चढणार आणि तो भार धरणाच्या भिंतीवर येणार. साठा हवा, पण पुराच्या वेळी वाट मोकळीही हवी.

विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर लोखंडी दारं बसवायचं ठरवलं. वजनांच्या तोलावर चालणारी ही दारं पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत अडवून धरत. पाणी त्यावर गेलं की आपोआप उघडत, उतरलं की मिटत. मध्यरात्री पूर आला तरी चावी फिरवायला माणूस धावत जायला नको. १९०३ साली ती खडकवासल्यावर बसली आणि जुन्याच धरणात सुमारे आठ फूट जास्त पाणी उभं राहिलं. पुढे ग्वाल्हेरच्या तिगरा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही याच पद्धतीची दारं लागली.

आमच्या मते त्यांचं दुसरं काम जास्त अवघड होतं, कारण तिथं गाठ माणसांशी होती. कालव्याच्या तोंडाशी असलेला मनसोक्त ऊस भिजवणार आणि शेवटच्याला थेंब नाही, हे दुखणं तेव्हाही होतं. एक क्युसेक पाणी दिवसभर सोडलं तर साधारण दोन एकरांवर फूटभर पाणी उभं राहतं, किंवा २४ एकरांवर एक इंच. म्हणजे प्रवाहाला वेळेनं गुणलं की कुणी किती पाणी घेतलं ते निघतं. त्यांनी आणलेल्या ब्लॉक पद्धतीत पाणी ठराविक गटांना, पाळीनं आणि पिकांचं प्रमाण ठरवून मिळू लागलं. मापून पाणी घ्यायचं म्हटल्यावर कुरकुर होणारच. तरी दख्खनच्या कालव्यांवर ही पद्धत रुजली.

१९०८ मध्ये त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. चीफ इंजिनिअरच्या खुर्चीवर तेव्हा गोऱ्या साहेबांचीच मक्तेदारी होती. त्याच सप्टेंबरात मुसी नदीनं हैदराबाद उद्ध्वस्त केलं आणि निजामानं त्यांना बोलावून घेतलं. त्यांचं उत्तर खडकवासल्याचंच मोठं रूप होतं: वरच्या अंगाला जलाशय बांधून पूर तिथंच अडवा. उस्मानसागर आणि हिमायतसागर त्यातून आले. मग म्हैसूरचे चीफ इंजिनिअर, १९१२ ते १९१८ दिवाण, १९५५ ला भारतरत्न. हा भाग बहुतेकांना पाठ असतो.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. तो लोंढा खडकवासल्यावर आदळला आणि तेही फुटलं, अर्धं पुणं पाण्याखाली गेलं. ठरावीक पुरासाठी बांधलेला कुठलाच सांडवा एवढं पाणी वाहून नेऊ शकत नव्हता. विश्वेश्वरय्या तेव्हा बंगळुरूत, शंभरीच्या घरात होते. एप्रिल १९६२ मध्ये ते गेले.

खडकवासला पुन्हा बांधलं गेलं. आज त्याचा उपयुक्त साठा १.९७ टीएमसी आहे, म्हणजे सुमारे साडेपाच कोटी टन पाणी. वरून एक थेंबही आला नाही आणि ३५ हजार क्युसेकनं सोडत राहिलं, तर ते साडेपंधरा तासांत रिकामं होईल.